सात बांबूंचं दार

भरमाण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, भिंतींच्या नव्या रंगाकडे पाहिलं नाही, आणि मी हौसेनं लावलेल्या पडद्यांकडे तर नाहीच नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी आमचं दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दोन्ही हात पसरून त्याची रुंदी घेतली आणि म्हणाले, "सात बांबू."

मला वाटलं, वास्तुशांतीच्या मांडवाचं विचारताहेत. म्हटलं, "वास्तुशांती झाली हो आमची. मागच्याच आठवड्यात."

"मांडवाचं न्हवं ओ बाई. ह्ये दार भाईरनं बंद करायचं म्हटलं तर सात बांबू लागत्यात. उभं चार, आडवं तीन. वर दोन पत्रे." एवढं सांगून ते चहाही न घेता जिना उतरून गेले.

आमचे हे म्हणाले, "शेजार चांगला मिळालाय." ह्यांना माणसांची पारख नाही हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

मी मूळची निपाणीची. तिथल्या तंबाखूच्या वखारीत आणि बिड्यांच्या कारखान्यात माणसं दिवसभर खाली मान घालून काम करतात, त्यामुळे दुसऱ्याच्या दाराची मापं घेत हिंडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बदली होऊन बेळगावात आले, अनगोळात हा फ्लॅट घेतला आणि हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले. इमारत तीन मजल्यांची, बिऱ्हाडं नऊ. तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत भरमाण्णांचे बांबू, पत्रे आणि कनाती. गाड्या सगळ्यांच्या रस्त्यावर. ह्याबद्दल कुणी काही बोललं की ते म्हणत, "गाडीला काय हुतंय पावसात? बांबू कुजतोय." आणि आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारलं, असं आपल्यालाच वाटायला लागे.

भरमाण्णा मांडवाचे कंत्राटदार. साठीच्या आसपासचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि मनगटाला बायकांच्या बांगड्यांसारखे काथ्याचे दोन वेढे. आम्ही इथं यायच्या आधी ते रोगाचं वर्ष आलं, लग्नं थांबली, मांडव थांबले. तेव्हा ज्या घरात रोगी सापडेल त्या घराचं दार बांबू आणि पत्रे लावून बंद करायचं महापालिकेचं काम निघालं, आणि ते भरमाण्णांना मिळालं. दुसरा एखादा माणूस असल्या कामाबद्दल गप्प राहिला असता. भरमाण्णा ते एखाद्या पदवीसारखं सांगायचे. "त्या वर्षात माझं एक दार हाललं न्हाय. साहेब स्वता लाथ घालून बघायचे."

तेव्हापासून त्यांना कुठलंही दार नुसतं दार म्हणून दिसेना. शाळेच्या दारात मला सोडायला आले तर, "ह्येला पंधरा लागतील." हॉलमध्ये लग्नाला गेले तर नवरा-नवरीकडे पाठ करून शटरकडे बघत उभे. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं एकच मत असे, "बांधणी न्हाय." माझ्या पुरणपोळीला बांधणी नव्हती. सरकारला बांधणी नव्हती. माझ्या नणंदेचं लग्न मोडलं तेव्हा ते सांत्वनाला आले आणि दोन मिनिटं गप्प बसून म्हणाले, "सुरवातीलाच बांधणी न्हवती." नणंद आत उठून गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

अशा ह्या माणसाच्या डोक्यात सिनेमा घुसला तो माझ्याच घरात, एका रविवारी दुपारी.

आमचा टीव्ही मोठा, म्हणून ते बातम्या बघायला येत. त्या दिवशी ह्यांनी कुठलातरी परदेशी सिनेमा लावला होता, हिंदीत बोलणारा. एका इमारतीत रोग शिरतो, बाहेरून पोलीस इमारत बंद करतात, आणि आत अडकलेल्यांपैकी एकजण सगळं कॅमेऱ्यात टिपत राहतो. म्हणजे आपण बघतो ते त्यानं मागे ठेवलेलं शूटिंग. पडदा सारखा हलत असतो आणि माणसं एकमेकांना चावत असतात. मी भाजी निवडत होते. चावण्यानं रोग इतक्या वेगानं पसरत नाही, हे मी मध्येच सांगितलं, पण विज्ञानाच्या शिक्षिकेचं घरात कोण ऐकतं.

भरमाण्णा रक्त बघून हलले नाहीत, किंकाळ्या ऐकून हलले नाहीत. पण पोलिसांनी दारावर चार फळ्या ठोकल्या आणि ते ताडकन उठले.

"ह्ये काय? ह्याला बंद करणं म्हणत्यात?" ते टीव्हीच्या इतके जवळ गेले की आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसू लागली. "फळीला आडवं काय न्हाय. माझी बायको लाटणं मारून भाईर यील हितनं. आणि ह्यो शाणा पळतोय, पळताना क्यामेरा तेवढा धरलाय. मी पळताना चपला टाकतो."

"सिनेमा आहे तो, आण्णा," हे म्हणाले.

"म्हणून काय झालं? ज्यानं काढला त्येनं एखाद्या मांडववाल्याला इचारायचं की."

"तो परदेशात राहतो."

"फोन हाय न्हवं."

सिनेमा संपला. आतली सगळी माणसं मेली. भरमाण्णांनी आमच्या दाराकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "आपण काढूया. ह्याच इमारतीत. बांधणी कशी असती ते तरी लोकास्नी दिसंल."

मी हसले. ते हसत नव्हते.

सिनेमा काढायचा तर कॅमेरावाला हवा. तो त्यांनी आणला, दस्तगीर. गेली पंचवीस वर्षं तो लग्नांचं शूटिंग करतो, भरमाण्णांच्या मांडवात. सज्जन माणूस, पण त्याला जगातली कुठलीही गोष्ट लग्नासारखीच दिसे. माणूस दिसला की पायांपासून सुरू करून हळूहळू डोक्यापर्यंत जायचं, आणि जेवणाची ताटं दिसली की तिथं थांबायचं. पहिल्याच दिवशी रोग झालेले शेजारी जिन्यात पडलेले असताना हा म्हणाला, "इकडं बघा सगळी. जरा हसा." आणि सगळी हसली.

खरी अडचण वेगळीच. असल्या सिनेमात कॅमेरा हलला पाहिजे. दस्तगीर हलवेना.

"हात हालला म्हणून लोकांनी एकदा शिव्या दिल्यात बाई मला," तो माझ्याकडे दाद मागत म्हणाला. "पंचवीस वर्षं लागली हात थांबायला. आता मुद्दाम हलवू काय?"

शेवटी भरमाण्णा त्याच्या मागे उभे राहून त्याचं कोपर धरून हलवू लागले. दस्तगीर डोळे मिटून घेई.

पटकथा लिहिली होती जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिली. पहिली चार पानं बांबूंची लांबी, पत्र्यांची जाडी आणि काथ्या कसा भिजवून घ्यायचा ह्यावर. पाचव्या पानावर एक ओळ होती, "रोग येतो." सहाव्या पानापासून पुन्हा बांबू.

"कुठला रोग?" मी विचारलं.

"त्ये तुम्ही बघा. तुम्ही सायन्सच्या."

"आणि शेवट?"

"शेवट मी बघतो." त्यांनी कॅलेंडर माझ्या हातातून काढून घेतलं.

मला डॉक्टरचं काम मिळालं, शिवाय चेहरे रंगवायचं. दुसऱ्या मजल्यावरचे हिरेमठ साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची अट एकच, रोग झाला तरी चावणार नाही. ते नीट अंथरुणावर, घोंगडं अंगावर घेऊन मरणार होते. गेटावर लावायची 'आत येऊ नये' ही पाटी त्यांनी कानडीत लिहिली, मी मराठीत लिहिली, मग दोघांनी एकमेकांच्या चुका काढल्या. पाटी इतकी मोठी झाली की वाचून होईपर्यंत माणूस आत आला असता.

आणि पहिली रोगी म्हणून तळमजल्यावरच्या गंगाक्का. सत्तरी ओलांडलेल्या, माहेर सांबऱ्याचं, अंगानं किरकोळ आणि आवाजानं शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारणाऱ्या. इकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दलही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणायच्या. सगळ्यांत उत्साह त्यांनाच. त्या दिवसातून चारदा मरून दाखवायच्या, आणि प्रत्येक वेळी मरता मरता सुनेला काहीतरी सुनवायच्या.

"आक्का, रोगी एवढं बोलत न्हाय," भरमाण्णा ओरडत.

"मी बोलतो," गंगाक्का म्हणत. "मी मेल्यावर पण बोलतो. बघशील तू."

"ह्या मरणाला बांधणी न्हाय. परत करा."

खरं सांगायचं तर मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं, आणि मी ते लपवतही नव्हते. शाळेत स्टाफरूममध्ये मी रोज डबा खाताना भरमाण्णांची नक्कल करून दाखवायची. हात पसरून दार मोजायचं, 'बांधणी न्हाय' म्हणायचं. मैत्रिणी पोट धरून हसत. इमारतीतल्या निम्म्या लोकांना मी घरी बोलावून कॅलेंडरची ती पाचवी ओळ वाचून दाखवली होती.

मुख्य शूटिंग एका रविवारी. आदल्या दिवशी भरमाण्णांनी आपल्या माणसांना परत पाठवून इमारतीचं गेट एकट्यानं बांधलं. एरवी चार माणसांवर ओरडून काम करून घेणारा माणूस, पण ह्या वेळी कुणाला हात लावू दिला नाही. उभे बांबू, आडवे बांबू, वर पत्रे. संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं बघायला उतरली. मान्य करायला मला जड जातं, पण ते काम बघण्यासारखं होतं. हिरेमठ साहेबांनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. तसूभर हललं नाही. रविवारी सकाळी शेवटचा पत्रा आतून चढवला आणि आम्ही सगळे आत बंद झालो. इमारतीला दुसरं दार नाही. मागं कंपाउंड, पलीकडे नाला.

सकाळपासून मी गंगाक्कांचा चेहरा रंगवत होते. मैद्यात हळद आणि राख कालवून गालावर थापली, ओठांना जांभळा रंग लावला. त्यांचा मुलगा आणि सून सांबऱ्याला गेले होते. दहाच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "बाई, भाकरी खाऊन येतो मी जरा."

"आता नको आक्का, ओठाचा रंग जाईल. शॉट झाला की खा."

बारा वाजता त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. दस्तगीरची बॅटरी उतरली, मग तळमजल्यावर उजेड कमी पडला, मग हिरेमठ साहेबांचं घोंगडं सापडेना. दोन वाजून गेले तरी शॉट काही झाला नाही. गंगाक्का पायरीवर बसून होत्या आणि पहिल्यांदाच गप्प होत्या. मला वाटलं, भूमिकेत शिरल्या.

तीनच्या सुमाराला शॉट सुरू झाला. गंगाक्कांनी कठड्याला धरून चार पायऱ्या उतरायच्या आणि शेवटच्या पायरीवर कोसळायचं. त्या दोन उतरल्या. तिसरीवर त्यांचा हात कठड्यावरून सुटला, गुडघे दुमडले आणि त्या घसरत खाली आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

"एक नंबर, आक्का," दस्तगीर म्हणाला.

वरच्या मजल्यांवरून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हिरेमठ साहेब म्हणाले, "साकु, साकु. पुरे आता. ह्याहून चांगलं होणार नाही."

भरमाण्णा दस्तगीरचं कोपर सोडून पुढे आले. गंगाक्कांच्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला होता, मैदा आणि हळद बोटांना चिकटली होती. त्यांनी बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "क्यामेरा बंद कर."

"चालू राहू दे की आण्णा, भारी आलंय," दस्तगीर म्हणाला.

"दस्त्या, बंद कर म्हटलं न्हवं."

मग मी खाली बसले. अंग गार, दरदरून घाम, डोळे अर्धवट उघडे. हाक मारली तर ओठ नुसते हलले. "आक्का, सकाळी शुगरची गोळी घेतलीत काय?" मी विचारलं. त्यांनी हूं केलं. मधुमेहाची गोळी घेतलेली बाई सकाळपासून उपाशी होती, आणि तिला उपाशी मी ठेवलं होतं. साखर कमी झाल्याची लक्षणं मी नववीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर लिहून देते. मी घरात धावत जाऊन साखर आणली आणि चिमटीनं त्यांच्या गालाच्या आतून चोळत बसले. त्यांच्या ओठांवरचा तो जांभळा रंग माझ्या बोटांना लागत होता.

गेटाजवळ एकच गडबड उडाली. ह्यांनी पत्र्याला लाथा घातल्या. पत्रा वाजला, हलला नाही. हिरेमठ साहेबांनी स्वयंपाकघरातली सुरी आणून काथ्या कापायला घेतला. भिजवून आवळलेला काथ्या, सुरीचं पातं वाकलं. पहिल्या मजल्यावरची एकजण रडायला लागली.

"सरका," भरमाण्णा म्हणाले.

ते गेटापाशी जमिनीवर पालथे झाले. पांढऱ्या शर्टानिशी. डावीकडच्या दोन बांबूंच्या मधून, अगदी तळाशी, त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि काहीतरी ओढलं. एकदाच. वरचा आडवा बांबू खाली सरकला, मग मधला, मग सगळे पत्रे एकावर एक बाहेरच्या बाजूला निजल्यासारखे खाली गेले. एवढा आवाज झाला की गल्लीतली कुत्री पळाली. आणि समोर उघडा रस्ता, आमची उभी असलेली गाडी.

दवाखान्यात गंगाक्कांना सलाइन लावली. तासाभरात त्या उठून बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "माझं मरण आलं काय क्यामेऱ्यात?" डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर अजून डॉक्टरचा पांढरा कोट होता, गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. मी तो काढून पर्समध्ये कोंबला.

बाहेर बाकावर भरमाण्णा बसले होते. शर्टाची पुढची बाजू मातीनं माखलेली, खांद्याजवळ बांबूनं फाटलेली. मी शेजारी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बरं झालं तुमची एक गाठ सैल राहिली."

"सैल न्हाय राहिली. बांधलीती तशी. सुरगाठ हाय ती. टोक ओढलं की सगळं सुटतं."

"म्हणजे शेवटाला? सिनेमात?"

"व्हय. सगळी मरत्यात, गंगाक्का एकटी उरती, आणि तिला टोक सापडतं. आसा शेवट हुता." त्यांनी शर्टावरची माती झटकली. "लोकांनी बघितल्यावर कळलं असतं की टोक असतंय म्हणून."

"कुठं असतंय?"

"त्या वर्षी मी बांधल्याल्या सगळ्या दारांना हुतं, बाई. डावीकडं, तळाला."

मला क्षणभर कळलंच नाही ते काय सांगताहेत. साहेबांनी लाथा घालून बघितलेली ती दारं. एक हललं नाही म्हणून मिरवलेली.

"निरगाठ मारायला हात जाईना," ते म्हणाले. "आत माणसं बसल्यात, ती बघाल्यात, आणि मी भाईरनं आवळतोय. मग तळाला सुरगाठ मारायचो. साहेबाला काय कळतंय गाठीतलं."

"मग आतल्यांनी सोडली कधी?"

"न्हाय. मी सांगितलंच न्हाय कुणाला. साहेब संगट असायचे. घरी जाऊन फोन करीन म्हणायचो, आणि मग भ्यायचो. एकानं दुसऱ्याला सांगितलं असतं. केस झाली असती माझ्यावर." त्यांनी मनगटावरचे काथ्याचे वेढे फिरवले. "आमचा दत्तू टेलर. तीस वर्षं माझ्या कनाती शिवल्या त्येनं. त्येचं दार मीच बांधलं. मधल्या गल्लीत. दोन दिवसांनी त्येला दम लागला. शेवंताक्का, त्येची बायको, सकाळपासनं बांबूला धरून हाका मारालीती म्हणं. दवाखान्याची गाडी आली दुपारी. त्येनंतर चार दिवसांनी गेला." मग म्हणाले, "टोक तिच्या पायापाशी हुतं, बाई. आजून कनाती तिच्याकडंच देतो मी शिवायला. च्या पितो तिथं. तिला म्हाईत न्हाय."

आत गंगाक्का नर्सला सुनेबद्दल काहीतरी मोठ्यानं सांगत होत्या. मी स्टाफरूममध्ये केलेल्या नकला मला एकेक करून आठवत होत्या, आणि त्यातली एकही नको होती.

सिनेमा तिथंच थांबला. दस्तगीरनं जेवढं झालं होतं तेवढं सगळ्यांना पेन ड्राइव्हवर घालून दिलं. त्यात मेलेल्या माणसांवर मध्येमध्ये गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि मागे सनई वाजते. गंगाक्कांचं ते पडणं त्यानं आपणहून काढून टाकलं होतं. गंगाक्का त्याच्यावर अजून रागावून आहेत.

पुढच्या रविवारी सकाळी भरमाण्णा आमच्या दारात आले. आत यायला सांगितलं तर आले नाहीत.

"बाई, तुम्ही शिकवता. एखादी गोष्ट लई उशिरा सांगायची असली तर कशी सांगायची?"

म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर."

शेवंताक्कांचं घर मधल्या गल्लीत, एक खोली आणि पुढं पडवी. पडवीतच शिलाई मशीन. त्या भरमाण्णांचीच एक लांब कनात शिवत होत्या, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची. कापड जमिनीवरून दारापर्यंत पसरलं होतं. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर उतरलेला. "या की," म्हणाल्या, पण पाय मशीनवरून काढला नाही.

भरमाण्णा बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाठ, टोक, डावी बाजू, तळ, साहेब, न केलेला फोन. मध्ये एकदाही थांबले नाहीत. सांगताना डोळे कापडावर. मशीन केव्हा थांबलं ते मला कळलं नाही.

शेवंताक्कांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"आमच्या ह्यास्नी दिसलीती ती गाठ," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी."

भरमाण्णांनी वर पाहिलं.

"म्हणाले, ही भरमाची गाठ हाय. आपल्यासाठी सोडायसारखी ठेवलीय त्येनं. दम लागला तवा मी म्हटलं, ओढूया. न्हको म्हणाले. गाडी येतीय म्हणून सांगितलंय, यील. आपण ओढली तर उद्या भरमाला धरत्यात." त्यांनी मशीनवरचं कापड सारखं केलं. "म्हणून हाका मारालतो मी. कुणी गाडीला परत फोन करावा म्हणून. आधी गेलो असतो तर वाचले असते काय, त्ये कुणाला ठावं. डॉक्टर पण काय बोलले न्हाईत."

"तू मला कधी बोलली न्हाईस," भरमाण्णा म्हणाले.

"तुम्ही पण बोलला न्हाईसा. मला वाटलं, तुमास्नी नको असंल त्यो इषय."

शेजारच्या घरातला रेडिओ कानडी बातम्या सांगत होता. मग शेवंताक्का कापडाकडे बघून म्हणाल्या, "टोक धरा की तेवढं. जमिनीला लागालंय, मळतंय."

भरमाण्णा वाकले आणि कनातीचं लांबचं टोक दोन्ही हातांनी उचललं. मशीन सुरू झालं. ते टोक धरून उभे राहिले, आणि कापड जसजसं पुढं सरकत गेलं तसतसे तेही एकेक पाऊल शेवंताक्कांकडे सरकत गेले.